मेंढ्या-गाईंच्या पोटातले जंत: लेंडी कुठली, कधी आणि कशी तपासायची

पावसाळा सरत आला की सातारा-सांगलीकडच्या माण, खटाव, आटपाडी, जतच्या पट्ट्यात मेंढ्यांच्या जबड्याखाली पाणी उतरलेलं दिसू लागतं. सकाळी कमी असतं, दिवसभर मान खाली घालून चरलं की संध्याकाळी लोंबायला लागतं. मग मेडिकलमधून जंताच्या औषधाची बाटली येते, अख्ख्या कळपाला पाजली जाते आणि तीन आठवड्यांत तीच सूज पुन्हा दिसते. दोष दर वेळी औषधाचा नसतो. ही सूज निदान तीन कारणांनी येते: चौथ्या पोटात बसून रक्त पिणारा हिमॉन्कस नावाचा गोल जंत, यकृतातला चपटा जंत म्हणजे लिव्हर फ्लूक, आणि जंत नसतानाही उपासमारीने घटलेली रक्तातली प्रथिनं. पहिल्या दोघांची औषधं सारखी नाहीत, आणि तिसऱ्याला औषध नव्हे, पेंड लागते.

म्हणून नुसतं ‘जंत आहेत का’ विचारून भागत नाही. चरणाऱ्या प्रत्येक जनावरात थोडे जंत असतातच. जंत कोणता, किती, आणि समोरचं दुखणं त्याच्यामुळेच आहे का, एवढं कळलं तर निदान झालं. हे सांगणारी एकच तपासणी नाही. प्रत्येक जंताला त्याची तपासणी आहे आणि ती चुकली की रिपोर्ट कोरा येतो.

जनावर गेल्या चार महिन्यांत कुठं चरलं?

नमुना घेण्याआधी हा प्रश्न, कारण अर्धं निदान इथंच होतं. कोरड्या पूर्व भागात मुख्य शत्रू हिमॉन्कस. लेंडीतून पडलेल्या अंड्यापासून गवतावर चढणारी, रोग देणारी अळी ऊब आणि ओल मिळाली की चार ते सात दिवसांत तयार होते. ती मेंढीच्या पोटात गेल्यावर साधारण तीन आठवड्यांनी मादी अंडी घालू लागते. म्हणजे पहिला चांगला पाऊस झाल्यावर महिन्याभरात पहिला फटका बसू शकतो, आणि कोवळं गवत बुडापासून खाणाऱ्या कोकरांना तो आधी बसतो.

पश्चिमेकडच्या पाटण, जावळी, शिराळ्याच्या भातखाचरांत चपट्या जंतांचं राज्य. त्यांना पाण्यातली गोगलगाय लागते. आपल्याकडचा लिव्हर फ्लूक म्हणजे फॅसिओला जायगँटिका, तो लिम्निया जातीच्या गोगलगाईतून वाढतो. टेंभू, म्हैसाळ, उरमोडी या सिंचन योजनांचं पाणी पोचलेल्या गावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: जिथं चारी झिरपते, उसाच्या कडेला पाणी साचून राहतं आणि गोगलगाय टिकते, तिथं दुष्काळी तालुक्यातही फ्लूकला जागा मिळते. राजेवाडीसारख्या तलावाचं पाणी मागं सरत जातं आणि काठावर हिरवं गवत उगवतं, तेव्हा सगळा कळप त्याच पट्ट्यावर येतो. उन्हाळ्यातला सगळ्यात धोक्याचा चारा तोच. कोकणात उतरून भाताच्या मोकळ्या खाचरांत बसवलेल्या कळपांचीही गोष्ट तशीच. फ्लूक पोटात गेल्यापासून शेणात अंडी दिसायला तीन-चार महिने लागतात, म्हणून दुखणं घरी आल्यावर दिसतं आणि घरच्या रानावर ढकललं जातं.

आधी थर्मामीटर

जंतांनी सहसा ताप येत नाही. मेंढीचं नेहमीचं तापमान १०२ ते १०३.५ अंश फॅरनहाइट, गाईचं १०१.५ च्या आसपास. संकरित गाईच्या डोळ्यांत पांढरेपणा आहे, पण ताप १०४-१०६, मागच्या पायाजवळची किंवा खांद्यापुढची गाठ सुजलेली आणि अंगावर गोचीड असतील, तर शेणाचा नमुना बाजूला ठेवा. कानाच्या शिरेतलं रक्त काचपट्टीवर घेऊन गोचीड तापाची तपासणी आधी करून घ्या. अशा गाईला जंताचं औषध पाजत बसलं की मोलाचे दोन दिवस जातात. अर्थात गोचीड आणि जंत दोन्ही एकाच गाईत असू शकतात, पण क्रम हाच.

डोळ्याची पापणी: कळपातली सगळ्यात स्वस्त तपासणी

हिमॉन्कसचा एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त पितो. पाच हजार जंत असले तर रोजचं पाव लिटर गेलं. ते खालच्या पापणीच्या आतल्या रंगात दिसतं. त्यासाठी दक्षिण आफ्रिकेत ‘फामाचा’ नावाचा रंगतक्ता तयार झाला (फाफा मलान या पशुवैद्यकाच्या नावाची आणि ‘चार्ट’ची आद्याक्षरं जोडून हे नाव पडलं). तो शेळ्या-मेंढ्यांसाठी आहे, गाई-म्हशींसाठी नाही.

पद्धत अशी. जनावर उघड्यावर, दिवसाच्या उजेडात धरा, पण तुमची सावली डोळ्यावर नको. एका अंगठ्याने वरची पापणी खाली ओढून डोळा झाका, बुबुळावर अगदी हलका दाब द्या, दुसऱ्या अंगठ्याने खालची पापणी खाली खेचा. आतलं मऊ अस्तर आपोआप बाहेर येतं. दोन सेकंदांत रंग ठरवा, जास्त वेळ धरलं तर तो बदलतो. नाकाकडच्या कोपऱ्यातला पडदा बघू नका, पापणीचंच अस्तर बघा. दोन्ही डोळे पाहून जो फिकट असेल तो धरा.

१ म्हणजे लाल, २ लालसर गुलाबी, ३ गुलाबी, ४ फिकट, ५ जवळजवळ पांढरं. रक्तातल्या तांबड्या पेशींच्या टक्केवारीत १ म्हणजे २८ किंवा जास्त, ३ म्हणजे १८ ते २२, ५ म्हणजे १२ किंवा कमी. ४ आणि ५ ला औषध हवंच. ३ मध्ये कोकरं, गाभण आणि पिणारी पिल्लं असलेल्या मेंढ्या धरायच्या. कळपात १० टक्क्यांहून जास्त मेंढ्या ४-५ मध्ये निघाल्या, तर सगळ्या ३ ला औषध द्या आणि आठवड्याने पुन्हा बघा. एरवी पावसाळ्यात दर दोन आठवड्यांनी पाहिलं तर चालतं.

चुका ठरलेल्या आहेत. संध्याकाळी वाड्यात बॅटरी धरून रंग बघणं. मोबाइलवर किंवा घरच्या प्रिंटरवर छापलेला तक्ता वापरणं, त्यात रंगच बदललेले असतात. धुळीने किंवा डोळे आल्याने लाल झालेला डोळा ‘चांगला’ धरणं. आणि सर्वांत मोठी चूक: पापणी लाल म्हणजे जंत नाहीत असं मानणं. आतड्यात राहून हगवण लावणारे, पण रक्त न पिणारे जंत पापणीत दिसत नाहीत.

नमुना: इथं बिघडलं की पुढं सगळं बिघडतं

नमुना थेट गुदद्वारातून घ्यावा. हातमोज्याला थोडा साबण लावून मेंढीच्या १०-१५ लेंड्या, गाईच्या दोन-तीन मुठी शेण पुरतं. जमिनीवरचं घ्यायचंच झालं तर डोळ्यासमोर पडलेलं आणि वरच्या थरातलं, मातीला टेकलेलं नको. मातीतल्या मोकळ्या अळ्या त्यात शिरतात आणि तपासणारा त्यांना जंत समजतो.

डबी काठोकाठ भरा किंवा पिशवीतली हवा दाबून काढा. अंडी उबवायला हवा आणि ऊब लागते. सांगलीच्या उन्हात दुचाकीच्या डिकीत ठेवलेल्या नमुन्यातली अंडी दिवसभरात फुटू लागतात आणि आकडा खोटा कमी येतो. बर्फाच्या डब्यात ठेवा, पण गोठवू नका. २४ तासांत तपासणी व्हावी. पोचायला वेळच लागणार असेल तर १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये ठेवता येतं, पण मग त्या नमुन्यातून अळ्या वाढवून जात ओळखता येत नाही.

डबीवर जनावराचा बिल्ला क्रमांक, वय, तारीख आणि शेवटचं जंतनाशक कोणतं व कधी दिलं ते लिहा. शेवटची ओळ बहुतेक जण गाळतात आणि तपासणाऱ्याला सगळ्यात जास्त तीच लागते. किती जनावरं? एका गटातली निदान दहा: कोकरं वेगळी, व्यायलेल्या मेंढ्या वेगळ्या. व्यायच्या आसपास मेंढीची प्रतिकारशक्ती खाली येते आणि अंडी वाढतात, त्यामुळे दोन्ही एकत्र केलं तर काहीच कळत नाही. फक्त मरतुकडी जनावरंही निवडू नका. आजारी दोन-तीन, बाकी धडधाकट, असं मिश्रण असावं.

नमुना जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात, जिल्ह्याच्या पशुसर्वचिकित्सालयात किंवा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात देता येतो. सूक्ष्मदर्शक हाताशी असेल, एखाद्या दूध संघाकडे किंवा मेंढपाळांच्या गटाकडे, तर पुढची तपासणी शिकता येण्याजोगी आहे.

मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवणे आणि मोजणे

गोल जंतांची अंडी दाट मिठाच्या पाण्यावर तरंगतात. एक लिटर कोमट पाण्यात ४०० ग्रॅम मीठ ढवळा, गार होऊ द्या. तळाशी थोडं मीठ न विरघळता उरलंच पाहिजे, द्रावण पुरतं दाट झाल्याची खूण तीच. वरचं स्वच्छ पाणी गाळून बाटलीत भरा. बहुतेक फसगती पातळ द्रावणाच्या असतात. एका वाटीला एक चमचा मीठ टाकून अंडी वर येत नाहीत.

मोजायला मॅकमास्टर पट्टी लागते: दोन कप्प्यांची काच, प्रत्येक कप्प्यातल्या चौकटीखाली ०.१५ मिली द्रावण मावतं.

१. ४ ग्रॅम लेंड्या मोजून घ्या. वजनकाटा हवाच, अंदाज नको.

२. त्यात ५६ मिली मिठाचं द्रावण घालून लेंड्या पूर्ण फोडा. सुकलेल्या असतील तर दहा मिनिटं भिजू द्या.

३. चहाच्या गाळणीतून दुसऱ्या भांड्यात गाळा.

४. ढवळता ढवळताच ड्रॉपरने मधलं द्रावण उचला आणि पहिला कप्पा भरा. पुन्हा ढवळून दुसरा. ढवळणं थांबवून उचललं तर अंडी वर गेलेली असतात आणि ड्रॉपरमध्ये कमी येतात.

५. पाच मिनिटं थांबा. मग १०च्या भिंगाने बघा. नजर चौकटीच्या रेषांवर स्थिर करा, अंडी त्याच थरात असतात. तासाभरात मोजून संपवा, नाहीतर मिठाचे खडे बनतात आणि अंडी आक्रसतात.

दोन्ही कप्प्यांतली बेरीज गुणिले ५०, म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. डाव्या कप्प्यात १७, उजव्यात १४ आली, तर ३१ × ५० = १५५०. काळ्या जाड कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे, ते मोजू नका. काम झाल्यावर पट्टी आणि सूक्ष्मदर्शकाचा पाट गोड्या पाण्याने पुसा, मीठ धातू खातं.

गोल जंताचं नेहमीचं अंडं लांबट, पातळ कवचाचं, आत पेशींचा घोस असलेलं दिसतं. पण ते हिमॉन्कसचं की त्याच्या भावकीतल्या दुसऱ्या कुणाचं, हे अंड्यावरून सांगता येत नाही. त्यासाठी लेंड्या ओलसर ठेवून साधारण २७ अंशाला आठवडाभर अळ्या वाढवाव्या लागतात. पांढऱ्या पापण्या आणि मोठा आकडा एकत्र दिसला, तर आपल्या भागात हिमॉन्कस धरून चालायला हरकत नाही. तिकोनी किंवा चौकोनी अंडं पट्टकृमीचं. लेंडीवर भाताच्या शितासारखे वळवळणारे तुकडे दिसले की घर हादरतं, पण थोडेसे पट्टकृमी असलेलं धडधाकट कोकरू फारसं आजारी नसतं. डोळ्यांना दिसणाऱ्या या जंताला जेवढी बोलणी बसतात, तेवढा तो गुन्हेगार नाही. अगदी बारीक गोल दाणे असतील तर कॉक्सिडिया, म्हणजे जंत नव्हे, एकपेशीय परजीवी. एक-दोन महिन्यांच्या कोकरांत रक्ताळ हगवण असेल तर ते महत्त्वाचे आहेत आणि त्यांना जंताचं औषध लागू पडत नाही.

मेंढीत ५०० च्या आत सहसा हलका, ५०० ते २००० मध्यम, त्यापुढे जड प्रादुर्भाव असं ढोबळमानाने धरतात. पण आकडा एकटा वाचू नका. हिमॉन्कसची मादी दिवसाला पाच ते दहा हजार अंडी घालते, बाकीचे जंत त्यामानाने फार कमी, म्हणून ६०० हा आकडा एका कळपात किरकोळ तर दुसऱ्यात गंभीर असू शकतो. पातळ हगवणीत अंडी पाण्याने विरळ होतात. सरासरीही फसवते: दहापैकी आठ मेंढ्या २०० वर आणि दोन ६००० वर असतील तर सरासरी १३६० येते, पण खरा प्रश्न त्या दोघींचा. कळपातले बहुतेक जंत थोड्याच जनावरांत असतात.

मोठ्या गाईंत हा आकडा फार उपयोगी नाही. त्यांची प्रतिकारशक्ती अंडी दाबून ठेवते आणि शून्य किंवा ५० ही नेहमीचीच मोजणी. गाईंत मोजणी करायची ती वर्षाच्या आतल्या वासरांची.

फ्लूकसाठी मीठ नको, पाणी

फ्लूकची अंडी जड असतात, मिठाच्या द्रावणात बुडतात. नुसती मिठाची तपासणी करून ‘फ्लूक नाही’ म्हणून आलेला रिपोर्ट बिनकामाचा, हे छापील कागद बघूनही लक्षात ठेवा. तपासणी कोणती केली ते विचारा.

पाच ग्रॅम शेण पाण्यात पातळ करून गाळणीतून गाळा, उंच ग्लासात २०० मिलीपर्यंत पाणी भरा, दहा मिनिटं स्थिर ठेवा. वरचं दोन तृतीयांश पाणी हलक्या हाताने ओता, तळ हलू देऊ नका. पुन्हा भरा, पुन्हा ओता. पाणी नितळ होईपर्यंत, म्हणजे तीन-चार वेळा. उरलेल्या गाळात मिथिलीन ब्लूचा एक थेंब टाकून बघा. शेणाचा चोथा निळा होतो, फ्लूकचं अंडं सोनेरी-पिवळं राहतं. तशाच आकाराचं पण रंगहीन, काचेसारखं दिसणारं अंडं अँफिस्टोमचं, म्हणजे पहिल्या पोटात राहणाऱ्या दुसऱ्या चपट्या जंताचं. ही दोन वेगळी ओळखावीच लागतात, कारण मोठे अँफिस्टोम थोडे असले तर जनावर मजेत जगतं, फ्लूकबाबत तसं नाही. गाईच्या शेणात फ्लूकचं एक अंडं दिसलं तरी ते दखल घेण्याजोगं, कारण अंडी पित्ताबरोबर अधूनमधूनच खाली येतात. म्हणूनच एका जनावरावर विसंबू नका, पाच-सहा गाईंचं शेण वेगवेगळं तपासा.

रिपोर्ट शून्य, जनावर मात्र मरतंय

इथं सगळ्यात जास्त चुकतं. शेणातली अंडी म्हणजे पोटातल्या वयात आलेल्या माद्या. जंतांची पिल्लं अंडी घालत नाहीत, नुकसान मात्र पुरेपूर करतात.

मोठ्या पावसानंतर कोकराने एकदम हजारो अळ्या गिळल्या तर पहिल्या दोन-अडीच आठवड्यांतच ते पांढरं पडून मरू शकतं. लेंडी तेव्हा कोरी असते, पापणी मात्र खोटं बोलत नाही.

तलावाच्या काठावर चरलेल्या मेंढ्यांना फवाऱ्यासारखी, घाण वासाची हगवण लागली, जबड्याखाली पाणी आहे आणि अंडी नाहीत, तर अँफिस्टोमची पिल्लं आतड्याच्या सुरुवातीच्या भागात बसलेली असू शकतात. हगवणीचं पाणी पांढऱ्या थाळीत घेऊन दोन-तीनदा धुवा. तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, गुलाबी, मांसल दाणे हलताना दिसले तर निदान झालं.

फ्लूकची पिल्लं यकृत पोखरत असतात तेव्हाही तेच: पहिले तीन महिने अंडी नाहीत, पण मेंढी अचानक दगावते. आणि डोकं एका बाजूला करून गोल फिरणाऱ्या मेंढीच्या लेंडीत काही शोधू नका. तिच्या मेंदूत कुत्र्याच्या पट्टकृमीचा फोड असू शकतो. जंताचं औषध तिथं वाड्यावरच्या कुत्र्यांना लागतं, आणि मेलेल्या मेंढीचं डोकं त्यांना घालणं थांबवावं लागतं.

रेडकू आणि वासरू

म्हशीच्या रेडकांत, क्वचित गाईच्या वासरांतही, टॉक्सोकारा नावाचा पेन्सिलीएवढा जाड जंत आईच्या चिकातून-दुधातून येतो. तीन-चार आठवड्यांच्या रेडकाला मातकट-पांढरी, उग्र वासाची हगवण आणि मोठं पोट असेल तर मिठाच्या द्रावणातच जाड, खरबरीत कवचाची गोलसर अंडी ढिगाने दिसतात. चार-पाच महिन्यांनंतर ती आपोआप दिसेनाशी होतात. म्हशीचं शेण तपासून काही मिळत नाही, तिच्या अंगात हा जंत अळीरूपाने लपलेला असतो.

खोकणाऱ्या जनावरासाठी फुप्फुसातल्या जंताची तपासणी वेगळी: गुदद्वारातूनच घेतलेल्या ताज्या १० ग्रॅम लेंड्या मलमलीत बांधून नळी लावलेल्या नरसाळ्यात कोमट पाण्यात टांगा. १२ ते २४ तासांनी नळीच्या तळचे थेंब बघा, अळ्या तिथं उतरतात.

मेलेलं जनावर

एक मेंढी मेलीच असेल तर ती दहा नमुन्यांपेक्षा जास्त सांगते. पण आधी बघा: अचानक मृत्यू, नाका-गुदद्वारातून न गोठणारं काळसर रक्त, पोट फुगलेलं, असं असेल तर फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय धरा. जनावर अजिबात फाडू नका, पशुवैद्यकाला बोलवा.

तसं नसेल तर मृत्यूनंतर तीन-चार तासांत पशुवैद्यकाकडून उघडून घ्या. चौथं पोट ताटात उघडून बघा: दोन-तीन सेंटिमीटरचे, केसासारखे जंत, मादीत लाल दोऱ्याभोवती पांढरा दोरा पिळल्यासारखा, म्हणजे हिमॉन्कस. उशीर केला तर ते विरघळून जातात. पहिल्या पोटाला चिकटलेले डाळिंबाच्या दाण्यांसारखे लाल ठिपके मोठ्या अँफिस्टोमचे. यकृत कापताना पित्तनळ्या जाड, कडक लागल्या आणि दाबल्यावर पानासारखे चपटे जंत बाहेर आले तर फ्लूक.

औषध चाललं का?

निदान इथवर करून औषध दिलं तरी काम अर्धंच, कारण एकच औषध वर्षानुवर्षं पाजल्याने हिमॉन्कस त्याला दाद देईनासा होतो. तपासण्यासाठी १० ते १५ मेंढ्या निवडा, त्यांची सरासरी निदान १५०-२०० अंडी असावी. मोजणीच्याच दिवशी वजन करून औषध द्या, डोळ्यांनी वजन ठरवू नका, कमी डोस गेला तर औषध फुकट बदनाम होतं. १० ते १४ दिवसांनी त्याच मेंढ्यांची मोजणी पुन्हा करा. लिव्हामिझोल दिलं असेल तर सातव्या दिवशी. आधीची सरासरी १२००, नंतरची ३०० असेल, तर घट ७५ टक्के. ९५ च्या खाली घट म्हणजे औषध फसलं किंवा पाजण्यात चूक झाली. पाजण्याची नळी जिभेच्या मागं गेली होती का, बाटली हलवली होती का, मुदत संपलेली होती का, एवढं आधी पडताळा. सगळं नीट असेल तर पशुवैद्यकाला दोन्ही आकडे दाखवून दुसऱ्या गटातलं औषध ठरवा. ब्रँड बदलून त्याच गटाचं औषध आणलं तर फरक पडणार नाही, म्हणून बाटलीवरचं मोठं नाव सोडून त्याखालचं बारीक अक्षरातलं रसायनाचं नाव वाचा.